विज्ञानाच्या तासाला राजकारण

विज्ञानाच्या तासाला राजकारणाची चर्चा व्हावी का, असे विचारले तर अनेक विज्ञान-शिक्षकांचे पहिले उत्तर नकाराचे असते. इतिहास-नागरिकशास्त्राच्या तासाला ती होणारच. पण ओहमचा नियम, पेशीविभाजन किंवा आवर्तसारणी शिकवताना पक्ष, सरकार, निवडणूक यांचा संबंध येतोच कुठे, असे त्यांना वाटते. मराठीत तर या नकाराला आणखी एक पदर आहे. ‘राजकारण’ हा शब्द मराठी माणूस दोन अर्थांनी वापरतो. राज्य चालवण्याचा सार्वजनिक व्यवहार हा त्याचा एक अर्थ. दुसरा रोजच्या बोलण्यातला, डावपेचांचा. भाऊबंदकीत राजकारण असते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये असते, शाळेच्या स्टाफरूममध्येही असते. त्यामुळे ‘वर्गात राजकारण नको’ असे शिक्षक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. आपण कोणत्या पक्षाचे हे मुलांना सांगायचे नाही, ही एक. काय शिकवायचे हे बाहेरच्या कोणी दटावून सांगू नये, ही दुसरी. आणि ज्या धड्यावरून गावात वाद होऊ शकतो तो धडा हलक्या हाताने उरकून टाकायचा, ही तिसरी. पहिलीत शिक्षकाचा संयम आहे, दुसरीत त्याचा हक्क आहे. तिसरीत मात्र विद्यार्थ्यांचे नुकसान आहे, आणि ती पहिल्या दोन्हींच्या आड सहज लपून राहते.

हा फरक सर्वांत ठळक दिसतो तो अमेरिकेत. तिथे गेल्या शंभर वर्षांत विज्ञान-शिक्षक पुन्हा पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढले, आणि वर्गाचे दार बंद झाल्यावर शिक्षक प्रत्यक्षात काय शिकवतात याच्या देशभर पाहण्याही झाल्या.

मार्च १९२५ मध्ये टेनेसी राज्याने कायदा केला की, सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा-महाविद्यालयांत माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असे शिकवता येणार नाही. नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या एका संघटनेने या कायद्याला आव्हान देऊ इच्छिणाऱ्या शिक्षकाला मदत देऊ केली. डेटन या छोट्या गावातल्या काही मंडळींनी औषधाच्या दुकानात बसून बेत ठरवला आणि जॉन स्कोप्स या २४ वर्षांच्या शिक्षकाला राजी केले. स्कोप्स मुळात फुटबॉलचा प्रशिक्षक. जीवशास्त्राचा तास त्याने बदली शिक्षक म्हणून घेतला होता, आणि आपण उत्क्रांतीचा धडा खरोखर शिकवला होता की नाही याची त्यालाही खात्री नव्हती. जुलैमध्ये खटला चालला. स्कोप्सच्या बाजूने नामांकित वकील क्लॅरन्स डॅरो, सरकारच्या बाजूने तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन. रेडिओवरून त्याचे थेट प्रक्षेपण झाले. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये वरच्या कोर्टाने तो तांत्रिक कारणावरून रद्द केला, पण कायदा १९६७ पर्यंत कायम राहिला. स्कोप्सने शिक्षकी सोडली आणि तो भूगर्भशास्त्राकडे वळला.

या खटल्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. स्कोप्सने वापरलेले पाठ्यपुस्तक राज्यानेच मंजूर केलेले होते. जॉर्ज हंटर यांच्या ‘सिव्हिक बायॉलॉजी’ या १९१४ च्या पुस्तकात उत्क्रांती होती. म्हणजे राज्याने नेमलेले पुस्तक शिकवावे तर राज्याचाच कायदा मोडतो, अशा कात्रीत शिक्षक सापडले होते. पण त्याच पुस्तकात मानववंशांची उतरंड मांडून गोऱ्यांना सर्वांत वर बसवले होते, आणि ‘सुप्रजनना’च्या नावाखाली समाजातल्या दुर्बलांची वाढ रोखण्याचा विचारही विज्ञान म्हणून दिला होता. ते सरळसरळ राजकारण होते, आणि त्या काळी प्रतिष्ठितांना मान्य असलेले राजकारण होते. त्यावरून कोणत्याही शिक्षकावर खटला भरला गेला नाही. ज्या मतावर बहुतेकांचे एकमत असते ते राजकारण वाटतच नाही. ते धड्याचाच भाग वाटते. विज्ञानाच्या तासात राजकारण बाहेरून येते असे मानणाऱ्याने हे पुस्तक लक्षात ठेवायला हवे.

डेटननंतर प्रकाशकांनी शहाणपणा दाखवून पुस्तकांतून उत्क्रांतीचा उल्लेख कमी केला. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेला आपल्या विज्ञानशिक्षणाची चिंता वाटू लागली आणि १९६०च्या दशकातल्या नव्या जीवशास्त्राच्या पुस्तकांतून उत्क्रांती परत आली. ती शिक्षकांच्या आग्रहापेक्षा शीतयुद्धाच्या धास्तीने आली, हेही नोंदवले पाहिजे. मग आर्कान्सा राज्यातल्या सुझन एपरसन या जीवशास्त्राच्या शिक्षिकेपुढे स्कोप्सचाच पेच उभा राहिला. नव्या पुस्तकात उत्क्रांतीचे प्रकरण होते. ते शिकवले तर १९२८ च्या राज्य-कायद्याने नोकरी जाणार होती. राज्याच्या शिक्षक संघटनेच्या पाठिंब्याने त्या कोर्टात गेल्या, आणि नोव्हेंबर १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे घटनाविरोधी ठरवले. १९८७ मध्ये त्याच न्यायालयाने, जीवसृष्टी ईश्वराने घडवली असे मांडणारे ‘निर्मितीविज्ञान’ उत्क्रांतीच्या बरोबरीने शिकवण्याची सक्तीही मोडीत काढली.

शिक्षकांची भूमिका खऱ्या अर्थाने जवळून दिसते ती पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर या लहान गावात. तिथल्या हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याने माणसाच्या उत्क्रांतीचे सुमारे १६ फूट लांबीचे चित्र रंगवून शाळेला भेट दिले होते. विज्ञानाच्या वर्गात ते फळ्याच्या चौकटीवर टेकवून ठेवलेले असे. २००२ मध्ये ते वर्गातून काढून जाळून टाकण्यात आले. पुढे स्थानिक शिक्षण मंडळातल्या काही सदस्यांनी जीवशास्त्राचे नवे पुस्तक डार्विनने भरलेले आहे म्हणून त्याची खरेदी रोखून धरली. ऑक्टोबर २००४ मध्ये मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला: नववीच्या मुलांना डार्विनच्या सिद्धान्तातल्या ‘त्रुटी’ सांगाव्यात आणि ‘बुद्धिमान रचना’, म्हणजे जीवसृष्टी कोणा बुद्धिमान कर्त्याने घडवली, या पर्यायाची माहिती द्यावी. त्यासाठी चार परिच्छेदांचे एक निवेदन तयार झाले. उत्क्रांतीचा पाठ सुरू होण्याआधी शिक्षकांनी ते वर्गात वाचून दाखवायचे होते.

जीवशास्त्राच्या शिक्षकांनी नकार दिला. हा नकार राजकीय भाषणाच्या सुरात नव्हता. जानेवारी २००५ मध्ये त्यांनी प्रशासनाला पत्र लिहून आपल्या व्यवसायाच्या आचारसंहितेचा आधार घेतला. त्या संहितेनुसार शिक्षकाने आपल्या विषयाची जाणूनबुजून चुकीची मांडणी करायची नसते. ‘बुद्धिमान रचना’ हे विज्ञान नाही; आपण ते निवेदन वाचून दाखवले तर तो उत्क्रांतीच्या तोडीचा वैज्ञानिक सिद्धान्त आहे असे मुलांना वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी कोणत्याही पक्षाची बाजू घेतली नव्हती, मंडळाच्या सदस्यांच्या श्रद्धेवर टीका केली नव्हती. त्यांचा आग्रह एवढाच होता की, आमच्या तोंडून आमच्या विषयाबद्दल खोटे वदवून घेऊ नका. अखेर १८ जानेवारीला प्रशासनातले अधिकारी वर्गात आले आणि त्यांनी निवेदन वाचले. ते वाचले जात असताना शिक्षक वर्गाबाहेर उभे राहिले.

अकरा पालकांनी दावा लावला. हॅरिसबर्गमध्ये चाळीस दिवस चाललेल्या सुनावणीत मंडळाने संदर्भासाठी सुचवलेल्या पुस्तकाचे जुने मसुदे समोर आले. १९८७ च्या निकालानंतर त्यात ‘निर्मितीवादी’ हा शब्द काढून त्या जागी ‘रचनेचे समर्थक’ असा शब्दप्रयोग घातला होता, आणि एका ठिकाणी तो घालताना जुन्या शब्दाची दोन्ही टोके नव्या शब्दाला तशीच चिकटून राहिली होती. त्या एका ओळीने पुष्कळ काही सांगितले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल देऊन ‘बुद्धिमान रचना’ हे विज्ञान नसल्याचे स्पष्ट केले. जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी केलेली होती, हे मुद्दाम सांगायला हवे. पक्ष आणि विज्ञान यांची सांगड दर वेळी अपेक्षेप्रमाणे बसत नाही. त्याआधीच्या महिन्यात झालेल्या निवडणुकीत मतदारांनीही निवडणुकीला उभ्या असलेल्या आठही जुन्या सदस्यांना घरी पाठवले होते. दाव्याच्या खर्चापोटी त्या छोट्या शाळा-जिल्ह्याला दहा लाख डॉलर मोजावे लागले.

कोर्टात विज्ञान जिंकले. वर्गात काय झाले? मायकेल बर्कमन आणि एरिक प्लुटझर या पेनसिल्व्हेनियातल्याच दोन राज्यशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये हायस्कूलच्या ९२६ जीवशास्त्र-शिक्षकांची पाहणी केली आणि २०११ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. उत्क्रांती हा जीवशास्त्राचा गाभा मानून ती सातत्याने, ठामपणे शिकवणारे शिक्षक होते २८ टक्के. निर्मितीवादाचा उघड पुरस्कार करणारे १३ टक्के. उरलेले सुमारे ६० टक्के मधले. हे मधले शिक्षक उत्क्रांतीच्या विरोधात नव्हते. त्यांना भांडण नको होते.

भांडण टाळण्याच्या त्यांच्या तऱ्हा लक्ष देऊन पाहण्यासारख्या आहेत, कारण त्या कोणत्याही देशातल्या शिक्षकाला ओळखीच्या वाटतील. काही जण उत्क्रांती फक्त रेणूंच्या पातळीवर शिकवत. जीवाणू औषधांना दाद देईनासे कसे होतात ते सांगायचे, पण नव्या जाती कशा निर्माण होतात, माणूस कुठून आला, इथवर जायचेच नाही. काही जण परीक्षेची ढाल पुढे करत: तुम्ही मानायलाच हवे असे नाही, पण राज्याच्या परीक्षेत प्रश्न येतो, तेव्हा उत्तर पाठ करा. तिसरी तऱ्हा दिसायला सर्वांत उदार. दोन्ही बाजू मांडायच्या आणि मुलांनाच ठरवू द्यायचे. लोकशाहीवादी वाटणाऱ्या या पद्धतीत गफलत आहे. दीडशे वर्षांत जमलेले जीवाश्मांचे, शरीररचनेचे आणि जनुकांचे पुरावे एका तासात तोलून निकाल देणे पंधरा वर्षांच्या मुलाला शक्य नसते. त्याच्यापुढे दोन बाजू समान उंचीवर ठेवल्या, तर त्याला एवढेच समजते की हा सारा मतांचा प्रश्न आहे. शिक्षकाने कोणाला दुखावले नाही, पण पुरावा म्हणजे काय हे शिकवायचे राहून गेले.

या शिक्षकांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. लहान गावात शिक्षक पालकांना बाजारात भेटतो, त्यांच्याच शेजारी प्रार्थनेला बसतो. मुख्याध्यापक मागे उभे राहतील याची खात्री नसते. आणि पाहणीत पुढे आलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. ज्यांनी स्वतःच्या शिक्षणात उत्क्रांतीचा स्वतंत्र अभ्यासक्रम पुरा केला होता, ते ठामपणे शिकवणाऱ्यांत अधिक संख्येने होते. ज्याला विषय पुरता येत नाही, त्याला मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाची धास्ती असते. संकोचाचे मूळ अनेकदा राजकारणात नसून अपुऱ्या तयारीत असते.

हवामानबदलाच्या बाबतीत चित्र आणखी गुंतागुंतीचे निघाले. प्लुटझर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पन्नासही राज्यांतल्या सुमारे १,५०० विज्ञान-शिक्षकांची पाहणी करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. तीन-चतुर्थांश शिक्षक या विषयाला वर्षातून किमान एक तास देत होते. मात्र अलीकडची तापमानवाढ बहुधा नैसर्गिक कारणांनी झाली, यावर भर देणारे शिक्षक ३० टक्के होते. मानवी कारणे आणि नैसर्गिक कारणे या दोन्हींवर सारखाच जोर देऊन मुलांना संदिग्ध संदेश देणारे ३१ टक्के. बहुसंख्य हवामानशास्त्रज्ञ याबाबत एकमताचे आहेत, हे निम्म्याहून अधिक शिक्षकांना ठाऊक नव्हते. आपल्यावर कोणी उघड दबाव आणल्याचे सांगणारे मात्र पाच टक्केही नव्हते.

म्हणजे दटावणारा कोणी नसतानाही धडा पातळ झाला होता. संशोधकांनी कारणे तपासली तेव्हा शिक्षकाने विज्ञानाचे किती शिक्षण घेतले आहे यापेक्षा त्याची राजकीय मूल्ये अधिक परिणाम करताना दिसली. सरकारने लोकांच्या आयुष्यात किती दखल द्यावी, या प्रश्नाला दिलेल्या उत्तरावरून तो हवामानबदल कसा शिकवेल याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येत होता. प्रदूषणावर उपाय म्हटले की कर, नियम, सरकारी बंधने आलीच. ती नकोशी असणाऱ्या माणसाला निदानही नकोसे वाटू लागते. हे अप्रामाणिकपणे घडते असे नाही. आपण राजकारण वर्गाबाहेर ठेवले आहे असे त्या शिक्षकाला मनापासून वाटत असते. वर्गात राजकारणाचा शब्दही न काढता राजकारण धड्यात उतरते ते असे. म्हणून ‘मी तटस्थ आहे’ या वाक्याची तपासणी शिक्षकाने आधी स्वतःशी करणे गरजेचे ठरते.

तटस्थता आणि समतोल यांचा कायद्याने विचार केला तो इंग्लंडने. तिथल्या १९९६ च्या शिक्षण कायद्याच्या ४०६ आणि ४०७ या कलमांनुसार शाळेत एकतर्फी राजकीय प्रचाराला बंदी आहे, आणि राजकीय विषय निघाला तर विरोधी मते समतोल रीतीने मांडणे बंधनकारक आहे. याची कसोटी लागली २००७ मध्ये. सरकारने अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचा हवामानबदलावरचा माहितीपट शाळांना पाठवला, तेव्हा एका पालकाने हरकत घेतली. न्यायाधीश बर्टन यांनी चित्रपटाचा गाभा वैज्ञानिक संशोधनावर आधारलेला असल्याचे मान्य केले. मात्र त्यातली नऊ विधाने शास्त्रज्ञांच्या सर्वसाधारण मतापलीकडे जातात, असे दाखवून दिले. त्या जागा शिक्षकांना सांगणाऱ्या टिपा सोबत देऊन चित्रपट दाखवावा, असे ठरले. निकाल दोन्ही बाजूंनी आपापला विजय म्हणून सांगितला. शिक्षकाच्या दृष्टीने त्यातला उपयोगाचा भाग वेगळा होता: एकाच चित्रपटात पक्के विज्ञान, अतिशयोक्ती आणि राजकीय आवाहन अशा तिन्ही गोष्टी असू शकतात, आणि त्या सुट्या करून दाखवणे हा विज्ञानाचा उत्तम पाठ होतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षण खात्याने शाळांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत हीच रेघ अधिक स्पष्ट ओढली. पृथ्वी तापते आहे आणि त्याला माणूस कारणीभूत आहे, हे सांगणे राजकीय नाही. तिथे समतोलासाठी चुकीची माहिती मांडण्याची गरज नाही. त्यावर काय उपाय करावा, हा मात्र राजकीय प्रश्न आहे आणि तिथे निरनिराळी मते समोर यायला हवीत.

ही रेघ वर्गात कशी चालते ते पाहिले की तिची उपयुक्तता कळते. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत. हा आकडा मतदानाने बदलत नाही. पुढच्या पन्नास वर्षांत मराठवाड्यातला पाऊस नेमका किती बदलेल, हा खुला वैज्ञानिक प्रश्न आहे; तिथे शास्त्रज्ञांतच मतभेद आहेत आणि ते सांगण्यात कमीपणा नाही. कोळशावरची वीजकेंद्रे किती वर्षांत बंद करावीत, त्यातल्या कामगारांचे काय, खर्च श्रीमंत देशांनी उचलावा की गरीब देशांनी, हे प्रश्न विज्ञानाने सुटणारे नाहीत, पण विज्ञानाशिवायही सुटणारे नाहीत. आणि कोणत्या पक्षाला मत द्यावे, हा प्रश्न शिक्षकाच्या कक्षेत येतच नाही. या चार पायऱ्या एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो.

तिसऱ्या पायरीवर बहुतेक विज्ञान-शिक्षकांची अडचण होते. २००१ मध्ये वेलकम ट्रस्टसाठी ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात जैवतंत्रज्ञानातले सामाजिक आणि नैतिक प्रश्न शाळेत कसे हाताळले जातात ते पाहिले गेले. विज्ञान म्हणजे तथ्ये, मूल्ये हा दुसऱ्यांचा प्रांत, असे मानणारे विज्ञान-शिक्षक त्यात मोठ्या संख्येने निघाले. चर्चा चालवण्याचे कसब भाषा आणि मानव्यविद्यांच्या शिक्षकांकडे अधिक होते, पण विज्ञानाची पुरेशी माहिती त्यांच्याकडे नव्हती. शाळेच्या वेळापत्रकातल्या रकान्यांमुळे एकाच प्रश्नाचे दोन तुकडे होतात, आणि दोन्ही शिक्षक आपापल्या अर्ध्यापाशी थांबतात.

चर्चा चालवताना शिक्षकाने स्वतः काय करावे, यावर शिक्षणशास्त्रात जुना वाद आहे. लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात शिक्षकाला सभेच्या तटस्थ अध्यक्षाची जागा दिली होती. पुरावे समोर ठेवायचे, प्रत्येकाला बोलू द्यायचे, आपले मत झाकून ठेवायचे. १९८६ मध्ये थॉमस केली यांनी शिक्षकांच्या चार भूमिका मांडल्या: वादाचा विषय वर्गात आणायचाच नाही; फक्त आपलीच बाजू शिकवायची; सर्व बाजू मांडून आपले मत राखून ठेवायचे; सर्व बाजू मांडायच्या आणि आपले मतही, ते आपले मत आहे असे सांगून, उघड करायचे. केली यांचा कौल चौथ्या भूमिकेला होता. विज्ञानाच्या वर्गात तिसरी अधिक सुरक्षित वाटते. पण आपल्या सरांना किंवा बाईंना काय वाटते हे मुलांना बहुधा कळतेच; चेहऱ्यावर जे दिसते ते तोंडाने नाकारण्यापेक्षा ‘हे माझे मत आहे, हा पुरावा आहे, दोन्ही वेगळे ठेवा’ असे सांगणे अधिक सरळ आहे.

शिक्षकांच्या भीतीला इतिहासात मोठा आधार आहे, हेही मान्य करायला हवे. सोव्हिएत संघात ऑगस्ट १९४८ मध्ये, मिळवलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात या कृषिशास्त्रज्ञ ट्रोफिम लायसेंकोच्या मताला पक्षाची अधिकृत मान्यता मिळाली आणि मेंडेलचे आनुवंशशास्त्र ‘भांडवलदारी’ ठरवून पाठ्यपुस्तकांतून काढले गेले. लायसेंकोला विरोध करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव त्याआधीच, १९४३ मध्ये, सारातोवच्या तुरुंगात मरण पावले होते. जवळजवळ दोन दशके शिक्षकांनी मुलांना जे शिकवले ते चूक होते, आणि अनेकांना ते चूक असल्याचे माहीत होते. सत्तेने विज्ञानाचा निकाल लावणे आणि विज्ञानाच्या आधारे सत्तेच्या निर्णयांची चर्चा करणे, या दोन्हींना ‘विज्ञानातले राजकारण’ हेच नाव दिले जाते. त्या परस्परांच्या विरुद्ध दिशांच्या गोष्टी आहेत.

भारतात हा प्रश्न आणखी वेगळ्या चौकटीत उभा राहतो, कारण वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे इथे राज्यघटनेतले मूलभूत कर्तव्य आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या ५१-क या कलमात ते लिहिलेले आहे. म्हणजे विज्ञान-शिक्षक पुराव्याने विचार करायला शिकवतो तेव्हा तो घटनेचेच काम करत असतो. दुसरीकडे, सरकारी शिक्षकाला वर्तणूक नियम राजकीय पक्षाशी संबंध ठेवू देत नाहीत. आणि तरीही महाराष्ट्राच्या विधान परिषदेतल्या ७८ जागांपैकी सात खास शिक्षकांनी निवडून द्यायच्या असतात. निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर शाई लावायलाही बहुधा शिक्षकच असतो. इतका राजकीय व्यवस्थेच्या मधोमध असलेला माणूस वर्गात शिरताना चपलांबरोबर राजकारणही बाहेर काढून ठेवेल, अशी अपेक्षा केली जाते.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रातले मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की, डार्विनचा सिद्धान्त वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल करायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचे खंडन केले, आणि खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधाने करू नयेत असे आपल्या सहकाऱ्याला सांगितले. त्याच वर्षी आलेल्या बालभारतीच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. उलट एनसीईआरटीने करोनाकाळातला अभ्यासाचा भार कमी करण्याच्या नावाखाली दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हे प्रकरण नुसते ‘आनुवंशिकता’ झाले. उत्क्रांती उरली ती बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरती. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी खुल्या पत्रावर सह्या करून त्याला विरोध केला. सही करणारा शिक्षक राजकारण करत होता का? तो डोव्हरच्या शिक्षकांसारखाच आपल्या विषयाची राखण करत होता.

महाराष्ट्रातल्या वर्गात मात्र वाद डार्विनवरून क्वचितच होतो. तो भाद्रपदात होतो. रायगड जिल्ह्यातले पेण गणपतीच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एखाद्या हायस्कूलमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसचा पाठ चालू असेल, तर बाकांवर मूर्तिकारांचीच मुले बसलेली असतात. जिप्सम तापवले की त्यातले बरेचसे स्फटिकजल उडून जाते आणि प्लास्टर मिळते. त्यात पाणी घातले की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. इथवर सारे शांत असते. जिप्सम पाण्यात किती विरघळते? लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. मग तळ्यात सोडलेल्या मूर्तीचे काय होते, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. त्याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पुढचा प्रश्न येतो: मग सर, पीओपीवर बंदी बरोबर आहे का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढून पीओपीच्या मूर्तींना मनाई केली, मूर्तिकारांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेले. प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या घराचे वर्षाचे उत्पन्न त्या मूर्तींवर असते. शाडू जड असतो, ठिसूळ असतो, वाळायला वेळ घेतो. मोठ्या मंडळाची उंच मूर्ती त्यात करणे अवघड. हे त्या मुलाला पुस्तकापेक्षा जास्त माहीत असते.

इथे शिक्षक ‘तो राजकारणाचा विषय आहे, पुढचा धडा काढा’ असे म्हणू शकतो. किंवा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली पद्धत वर्गात करून दाखवू शकतो. बादलीभर पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट विरघळवून पीओपीची लहान मूर्ती ठेवायची. काही दिवसांत ती विरघळते, तळाशी कॅल्शियम कार्बोनेट साचते आणि वर उरलेल्या पाण्यात अमोनियम सल्फेट असते. ते खत म्हणून झाडांना घालता येते. पुणे महानगरपालिकेने ही पावडर लोकांना वाटलेली आहे. या प्रयोगाने बंदीचा वाद मिटत नाही. बादलीत जमते ते वीस फुटी मूर्तीला जमेल का, पावडरचा खर्च कोणी करायचा, वाहत्या पाण्यात विसर्जन हाच विधी मानणाऱ्याचे काय, हे प्रश्न उरतातच. पण त्या वर्गातला वाद आता वजन, विद्राव्यता आणि खर्च यांच्या भाषेत होतो, आणि मूर्तिकाराच्या मुलाला त्यात सन्मानाने बोलता येते.

अशा तासासाठी शिक्षकाला वेळ लागतो, विषयाची पक्की जाण लागते, आणि पालकांची तक्रार आली तर मुख्याध्यापक पाठीशी राहतील याचा भरवसा लागतो. अमेरिकेत हे काही प्रमाणात घडले. २०१३ मध्ये आलेल्या नव्या विज्ञान-अभ्यासक्रमाच्या मानकांत उत्क्रांती आणि हवामानबदल दोन्ही स्पष्टपणे आले. अनेक राज्यांनी ती मानके स्वीकारली आणि नव्या शिक्षकांचे प्रशिक्षणही त्यानुसार बदलले. बर्कमन-प्लुटझर यांच्या २००७ च्या पाहणीची पुनरावृत्ती २०१९ मध्ये झाली, तेव्हा निर्मितीवादाला थारा न देता उत्क्रांतीवरचे वैज्ञानिक एकमत ठामपणे सांगणारे शिक्षक ५१ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेलेले दिसले. माणसाच्या उत्क्रांतीला दिले जाणारे तास या बारा वर्षांत जवळजवळ दुप्पट झाले होते. डोव्हरमध्ये जाळले गेलेले चित्र नेमके त्याच विषयाचे होते.